डॉक्टरांनी रुग्णाला ‘आ करा’ म्हणायला हवे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या नाक्यावर गुटख्याचा टेम्पो पकडल्याची बातमी असते. मुद्देमालाची किंमत, आरोपींची संख्या, लावलेली कलमे असे सगळे तीत असते आणि ते छापलेच पाहिजे. परंतु पकडल्या न गेलेल्या टेम्पोंतला माल ज्यांच्या गालफडात वर्षानुवर्षे राहतो, ती माणसे कर्करोगाचे निदान होण्यापूर्वी किती वेळा आणि कोणाकोणाच्या दवाखान्यात बसून गेलेली असतात, याविषयी कुठे काही लिहून येत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून व्यवसाय केला. तोंडाचा कर्करोग वेळेत सापडण्याची पहिली आणि पुष्कळदा एकमेव संधी आम्हा सामान्य व्यावसायिकांच्या टेबलासमोर येते आणि ती आम्ही घालवतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. हे इतरांविषयी लिहिण्याआधी स्वतःविषयी लिहिणे मला भाग आहे.

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणारे एक एस.टी. वाहक माझे रुग्ण होते. वय बावन्न, स्वभाव मोकळा. तंबाखूची डबी शर्टाच्या खिशात असे. तिचा उंचवटा मला दर वेळी दिसे आणि ‘आता सोडा हो हे’ असे मी दर वेळी सवयीने म्हणत असे. एका फेब्रुवारीत, तपासणी संपून उठता उठता ते म्हणाले, “डॉक्टर, तिखट लई झोंबतंय हल्ली.” मी खुर्चीत बसल्या बसल्याच बॅटरीचा झोत त्यांच्या जिभेवर टाकला, जीभ स्वच्छ दिसली, आणि ‘तोंड आले असेल’ असे म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व वरून लावायची जेल लिहून दिली. मार्चमध्ये तीच तक्रार आली तेव्हा मी गोळ्या बदलल्या. एप्रिलमध्ये एक दाढ हलते म्हणून त्यांनी ती काढून घेतली आणि त्या जागेची जखम भरेना. जूनमध्ये ते आले तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा गाल बोटाने बाहेर ओढून आत पाहिले. खालच्या दाढा आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत, जिथे ते रोज तंबाखूची चिमूट धरून ठेवीत नेमक्या त्याच जागी, काठ उंचावलेला, हाताला कडक लागणारा व्रण होता. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, अर्धा जबडा काढावा लागला, त्यानंतर किरणोपचार झाले. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले.

त्यांचे कार्ड मी जपून ठेवले आहे. सहा वर्षांतले रक्तदाबाचे आकडे त्यावर ओळीने, तारखांसह, स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहेत. तोंडाच्या तपासणीविषयी त्या जूनपर्यंत त्यावर एक शब्दही नाही.

ही एका माणसाची गोष्ट असती तर मी ती माझ्यापुरती ठेवली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार माणसे या रोगाने दगावली. त्या वर्षी साऱ्या जगात मिळून असे सुमारे ३ लाख ९० हजार रुग्ण होते. म्हणजे जगातल्या दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण आपल्या देशातला होता. आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहूनही कमी निघाले, पण धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, मिसरी, गुटखा, मावा, खर्रा यांपैकी काही ना काही वापरणारे २४.४ टक्के निघाले. दवाखान्याच्या बाकावर चार प्रौढ माणसे बसलेली असतील तर त्यांतल्या एकाच्या तोंडात यांपैकी काहीतरी जात असते, असा याचा सरळ अर्थ आहे. सुपारीला निरुपद्रवी मानणाऱ्यांसाठी हेही सांगितले पाहिजे, की वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेच २००४ मध्ये सुपारी आणि तंबाखू न घातलेले पान या दोहोंनाही माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे.

हा रोग लवकर सापडणे आणि उशिरा सापडणे यांतले अंतर किती लहान असते, हे सामान्य वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. दोन सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली गाठ ही पहिल्या अवस्थेतली मानली जाते. पाच मिलिमीटर म्हणजे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. या टप्प्यावर बहुधा एका शस्त्रक्रियेत काम भागते, माणूस जेवतो, बोलतो, कामावर जातो, आणि पाच वर्षांनंतर दहापैकी सात-आठ रुग्ण हयात असतात. रोग मानेतल्या गाठींपर्यंत पोचला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते, आणि जगला तरी जबडा, गाल, जीभ यांपैकी काय शिल्लक राहील हे सांगता येत नाही. आपल्याकडे निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत मोठ्या रुग्णालयाची पायरी चढतात. माझे वाहक रुग्ण फेब्रुवारीत कोणत्या अवस्थेत होते ते मला कधीच कळणार नाही, कारण मी पाहिलेच नव्हते.

स्वादुपिंडाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग उशिरा सापडला तर डॉक्टरला स्वतःची समजूत घालता येते, कारण तो आत खोलवर लपलेला असतो. तोंड मात्र उघडता येते. तिथे पाहायला सोनोग्राफी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, उपाशीपोटी यावे लागत नाही. एक चांगला टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्टी, गॉजचा एक तुकडा आणि दोन ते तीन मिनिटे एवढेच लागते. मात्र पाहण्याची एक रीत आहे आणि ती आम्हा पुष्कळ जणांची मोडलेली आहे. आम्ही ‘आ करा’ म्हणतो, जिभेवर पट्टी दाबतो, घसा लाल आहे का पाहतो आणि तोंड मिटायला सांगतो. एवढ्या तपासणीत टॉन्सिल दिसतात. तोंडाचा कर्करोग जिथे होतो ती जागा दिसतच नाही. पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर आणि जिभेखाली अधिक आढळतो. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या अस्तरात आणि हिरडी व गाल यांच्यामधल्या खोबणीत अधिक होतो, कारण चिमूट तिथेच धरली जाते. म्हणूनच वैद्यकीय लिखाणात त्या जागेच्या कर्करोगाला ‘भारतीय तोंडाचा कर्करोग’ असे नावच पडले आहे. तेव्हा कवळी असेल तर ती काढायला सांगावी, चूळ भरायला लावावी, दोन बोटांनी गाल बाहेर ओढून वरची आणि खालची खोबण शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत पाहावी. ओठ उलटून पाहावेत. जिभेचे टोक गॉजमध्ये धरून ती आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ओढावी, म्हणजे तिच्या कडा दिसतात. जीभ टाळूला लावायला सांगितली की खालचा तळ दिसतो. मग टाळू पाहावा. शेवटी मोजा घातलेले बोट संशयास्पद जागेवरून फिरवावे, कारण डोळ्यांना साधा वाटणारा व्रण बोटाला कडक लागू शकतो, आणि दोन्ही हातांनी जबड्याखाली व मानेत गाठी चाचपाव्यात.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर तो कर्करोगपूर्व असू शकतो. मखमलीसारखा लाल चट्टा किंवा लाल-पांढरा मिश्र चट्टा त्याहून अधिक धोक्याचा. तो दुखत नाही म्हणून रुग्ण त्याची तक्रार करत नाही आणि आम्हीही त्याला दाह समजून सोडून देतो. बोट लागताच रक्त येणारी जागा, उघड कारण नसताना हलू लागलेला दात, कानापर्यंत जाणारी एका बाजूची कळ, जिभेला येणारा जडपणा, यांतले काहीही गौण नाही. तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरायला हवी. टोकदार दात लागत असेल तर तो घासून घ्यावा, औषध द्यावे, पण पंधरा दिवसांनंतरची तारीख कार्डावर लिहून रुग्णाला परत बोलवावे आणि तोपर्यंत जखम भरली नसेल तर दुसरी जेल लिहिण्याऐवजी जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायला, म्हणजे बायोप्सीसाठी, पाठवावे. वरून लावायच्या स्टेरॉइडच्या मलमाने काही दिवस आग कमी होते, रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणतो, आणि त्या बरे वाटण्यात दोन महिने निघून जातात. मी हे स्वतःच्या हातून होताना पाहिले आहे.

सुपारीमुळे होणाऱ्या एका विकाराविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्याचे रुग्ण विशी-पंचविशीतले असतात. गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, अस्तर फिकट आणि चामड्यासारखे ताठ होते, तिखट सोसत नाही, आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. वैद्यकीय भाषेत याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. स्वतःची मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालता येतात का, हे कोणीही घरी करून पाहावे. दोनच बोटे जात असतील तर डॉक्टरांकडे जावे. ताठ झालेले अस्तर पूर्ववत मऊ होत नाही आणि यातल्या काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. कॉलेजच्या फाटकाबाहेर माव्याची पुडी चघळत उभ्या असलेल्या मुलाला आपण कॅन्सरच्या वाटेवर आहोत हे ठाऊक नसते, कारण त्याच्या मते तो तंबाखूवाला नव्हे. सर्दी-तापासाठी तो आमच्याकडेच येतो, आणि आम्ही घसा पाहून त्याला परत पाठवतो. घसा पाहताना त्याचे तोंड किती उघडते एवढे जरी लक्षात घेतले तरी पुढचे प्रश्न आपोआप सुचतील.

नुसत्या डोळ्यांनी पाहून खरोखर जीव वाचतात का, असा प्रश्न एखादा चिकित्सक वाचक विचारील आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर केरळात मिळाले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायत-समूहांमधल्या १ लाख ९० हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. काही समूहांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते ठरावीक वर्षांच्या अंतराने घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासत होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर होते. बाकीच्या समूहांत नेहमीचीच व्यवस्था होती. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सर्व लोकसंख्या एकत्र धरली तर मृत्यूंतली घट निर्णायक म्हणण्याइतकी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सरसकट सगळ्यांची तोंडे तपासता आली नाहीत तरी चालेल, ज्याच्या खिशात डबी आहे त्याचे तोंड मात्र सुटता कामा नये, असा व्यवहारी धडा मी त्यातून घेतला. प्रशिक्षण घेऊन एखादा पदवीधर जे करू शकला ते साडेपाच वर्षे वैद्यक शिकलेल्या माणसाला जमू नये, हे मला पटत नाही.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९७१ या काळात पुणे जिल्ह्यातल्या १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली होती. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांविषयी बोलू लागल्यावर त्या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या मानाने लवकरच्या अवस्थेत उपचारांना येऊ लागल्या. गावात कोणीतरी सातत्याने विचारत राहिले तर रोग लवकर सापडतो, हे आपल्याच मातीत दिसलेले आहे. सातत्याने विचारू शकेल असा माणूस म्हणजे ज्याच्याकडे लोक वर्षातून सहा-आठ वेळा जातात तो घरचा डॉक्टर.

मग तो विचारत का नाही? माझ्या व्यवसायबंधूंवर मी आळसाचा आरोप करणार नाही. सकाळी चाळीस आणि संध्याकाळी पन्नास रुग्ण, त्यांतले निम्मे ताप-खोकल्याचे, बाहेर कोणाचे तरी मूल रडत असलेले, अशा गर्दीत तीन मिनिटे ही फार मोठी रक्कम असते. तोंड पाहण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. पण मला वाटते, त्याहून मोठे कारण दुसरे आहे. काही सापडलेच तर पुढे काय सांगायचे, याची धास्ती डॉक्टरालाही असते. ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला आणि तो खोटा ठरला तर रुग्ण तुटतो; खरा ठरला तर घर हादरते. म्हणून ‘बघू, आठ दिवस गोळ्या घ्या’ हे वाक्य दोघांनाही सोयीचे वाटते. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. मी रुग्णाला सांगत असे, “ही जखम भरायला हवी होती, भरली नाही. का भरली नाही ते तुकडा तपासल्याशिवाय मला कळणार नाही, तुम्हालाही कळणार नाही.” यात खोटे काही नाही आणि न तपासता घाबरवणेही नाही.

तुकडा काढण्याच्या भीतीशी मात्र झुंजावे लागते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’, ‘लोखंड लागले की तो चवताळतो’, हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. या समजुतीचे मूळ मला असे दिसते, की लोक मुळात उशिरा जातात, तपासणीनंतर काही महिन्यांतच माणूस दगावतो आणि दोष सुईवर जातो. बायोप्सीने रोग पसरत नाही; तिच्यावाचून घालवलेल्या आठवड्यांत तो पसरतो. हे वाक्य घरच्या डॉक्टराच्या तोंडून आले तर लोक ऐकतात. शहरातल्या अनोळखी सर्जनने तेच सांगितले तर ‘त्यांना काय, ऑपरेशन करायचेच आहे’ असे म्हणतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर आमचे प्रश्नच चुकतात. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की आमच्या भागातली जवळजवळ प्रत्येक बाई ‘छे’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. ती तंबाखू खात नाही. ती मिसरी लावते, आणि मिसरी म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखूच असते हे तिच्या हिशेबात धरलेले नसते. दिवसातून चार-पाच वेळा, दर खेपेला पंधरा-वीस मिनिटे ती हिरडीवर बोट फिरवत बसते. ‘मिसरी किती वेळा लावता?’ असे सहज, सासू-सासरे समोर नसताना विचारले तर उत्तर मिळते. विदर्भातले माझे मित्र सांगतात, की तिकडे ‘खर्रा किती लागतो?’ असे विचारावे लागते. प्रश्नाचा शब्द गावाप्रमाणे बदलला पाहिजे, आणि तो शब्द जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या फॉर्मवर छापलेला नसतो. तो गावच्या डॉक्टरालाच माहीत असतो.

वर उल्लेख केलेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला बोचत राहतो. धूरविरहित तंबाखू वापरणारी जी माणसे त्या वर्षभरात डॉक्टरांकडे किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेली होती, त्यांपैकी देशभरात ३१.७ टक्क्यांनाच ती सोडण्याचा सल्ला मिळाला होता. बाकीच्यांना नाडी, गोळ्या आणि बिल मिळाले. तोंड पाहताना रुग्ण स्वतःच अस्वस्थ होऊन ‘काही हाय का?’ असे विचारतो. तंबाखू सोडण्याविषयी बोलायला याहून चांगला क्षण दुसरा नसतो. त्याच वेळी आरसा हातात देऊन त्याचा त्याला चट्टा दाखवावा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा, घरच्यांपैकी एकाला सामील करून घ्यावे आणि पुढच्या महिन्यात आठवणीने विचारावे. सगळे सोडत नाहीत. माझ्या दहापैकी सात जणांनी सोडली नाही, तरी तीन जणांनी सोडली.

आता शासनाकडे वळतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे धोरण राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आशाताई ते काम करतात. परंतु उपकेंद्रात येणारे लोक बहुतेक करून स्त्रिया, मुले आणि वृद्ध असतात. तंबाखू मळणारा चाळिशीतला कमावता पुरुष संध्याकाळी सात वाजता, कामावरून सुटल्यावर, खासगी दवाखान्यात येतो. त्या दवाखान्यातला डॉक्टर, मग तो एम.बी.बी.एस. असो, बी.ए.एम.एस. असो की बी.एच.एम.एस., या कार्यक्रमात कुठेच धरलेला नाही. त्याला धरावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात, संशयित रुग्णाला त्याच आठवड्यात पाहतील आणि तुकडा विनामूल्य तपासून देतील अशा दंतवैद्यकाचे, कान-नाक-घसा तज्ज्ञाचे किंवा ग्रामीण रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी त्याच्याकडे लेखी असावा. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे हे रुग्णाला त्याच बैठकीत सांगता यावे, कारण खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण चिठ्ठी खिशात ठेवून घरी जातात. आणि पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे तज्ज्ञांनी दोन ओळींत घरच्या डॉक्टराला कळवावे. माझ्या साऱ्या कारकिर्दीत अशी उत्तरे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली. आपला संशय बरोबर होता की चूक हे ज्याला कधी कळतच नाही, त्याची नजर तयार कशी होणार?

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी डॉक्टरांना परिषदा-व्याख्यानांना हजर राहून पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. मी अशा अनेक परिषदांना बसलो आहे. मधुमेहाच्या नव्या औषधांवर, कोलेस्टेरॉलवर तिथे उत्तम व्याख्याने होतात, कारण त्यांच्यामागे कोणीतरी खर्च करणारा असतो. टॉर्चने तोंड कसे पाहावे यावर व्याख्यान ठेवण्यात कोणाचा व्यापारी लाभ नाही. या तीसपैकी दोन-तीन गुण तोंडाच्या प्रत्यक्ष तपासणीच्या प्रशिक्षणासाठी बंधनकारक करावेत, ते जवळच्या दंत महाविद्यालयात रुग्णांवर द्यावे, चित्रफितीवर नव्हे, आणि आयुर्वेद व होमिओपॅथीच्या परिषदांनीही तसेच करावे.

गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. पानमसाल्याची पुडी एकीकडे आणि तंबाखूची दुसरीकडे विकून, ग्राहकाने दोन्ही तळहातावर एकत्र करायच्या, अशी पळवाट तिच्यातून निघाली हे सर्वांना दिसते. त्यावर आपले दैनिक लिहीत असते, म्हणून मी इथे विस्तार करत नाही. एवढेच म्हणतो, की उद्या सकाळी शेवटची पुडी बंद झाली तरी आज ज्यांच्या गालात चट्टे आहेत त्या माणसांची जबाबदारी पुढची वीस वर्षे आमच्यावर राहणार आहे.

या रोगाने आपल्या सार्वजनिक जीवनातली माणसेही सोडली नाहीत. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या सवयीविषयी जाहीरपणे बोलून तरुणांना सावध केले. श्री. आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने गेले, तेव्हा आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कित्येक घरांत चूल पेटली नव्हती. त्या आठवड्यात माझ्याकडे एका दिवसात अकरा माणसे आपण होऊन तोंड दाखवायला आली होती. महिनाभराने ती रांग आटली. भीतीने आलेली माणसे भीती ओसरली की येत नाहीत. म्हणून रुग्णाने आठवण करण्याची वाट न पाहता डॉक्टराने विचारायला हवे. अर्थात वाचकांनाही माझी विनंती आहे: तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही सांगा, “जरा तोंड आतून बघा.” कुठलाही डॉक्टर याला नाही म्हणणार नाही आणि राग तर मुळीच मानणार नाही.

वाहकांच्या मृत्यूनंतर मी कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने एक चौकोन आखायला सुरुवात केली. तंबाखू किंवा सुपारी असलेल्या रुग्णाच्या चौकोनात दर सहा महिन्यांनी तारीख पडलीच पाहिजे, असा नियम मी स्वतःला घातला. पुढच्या बारा वर्षांत त्या चौकोनामुळे मी नऊ रुग्णांना तुकडा तपासायला पाठवले. त्यांतल्या चौघांना कर्करोग निघाला. तिघांचा पहिल्या अवस्थेत होता. त्या तिघांतल्या एक बाई, मिसरी लावणाऱ्या, आजही आठवडी बाजारात भाजी विकायला बसतात. त्यांच्या गालावर बाहेरून कसलीही खूण दिसत नाही.

वाहकांच्या पत्नी त्यांच्या वर्षश्राद्धानंतर आठ दिवसांनी दवाखान्यात आल्या. मला वाटले, आता त्या काही बोलतील, आणि त्यांनी बोलावे अशी माझी तयारी होती. त्यांनी बरोबर आणलेल्या मुलाला पुढे केले. एकोणीस वर्षांचा, आय.टी.आय.ला जाणारा. “हा मावा खातो, डॉक्टर. ह्याचं तोंड बघा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्याच्या दातांमध्ये अडीच बोटे जात होती आणि डाव्या गालाचे अस्तर फिकट पडले होते. मावा सोडायला त्याला दीड वर्ष लागले. दोनदा सुटला, दोनदा परत लागला. मी दवाखाना बंद केला तेव्हा त्याचे कार्ड शेजारच्या तरुण डॉक्टरांकडे स्वतः नेऊन दिले आणि लाल चौकोन कशासाठी आहे ते त्यांना समजावून सांगितले. गेल्या महिन्यात मी चौकशी केली. त्या चौकोनात जानेवारीची आणि जुलैची तारीख होती.

आपला नम्र,
एक निवृत्त फॅमिली डॉक्टर
जि. सातारा

(पत्रात उल्लेख केलेल्या कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)